दहा मिनिटांत तीन अंकी नाटक मिळतं, मग लिहायला शिकायचं कशाला?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावचं हौशी मंडळ यंदा मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, स्वतःचं नाटक करणार आहे आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट म्हणून चॅटजीपीटीला सांगितलं, तर दहा मिनिटांत तीन अंक, गाण्यांच्या जागा, पात्रांची यादी, सगळं हाती आलं. मित्र म्हणतात, तू लिहिलं असतं त्यापेक्षा हे बरं आहे. मला पुढे वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांसाठी लिहायचं आहे. आता शिकण्यात अर्थ आहे का? आणि हे नाटक माझ्या नावाने लावलं तर ती चोरी होईल का? पहिले दोन अंक सोबत पाठवतो आहे.

उत्तर :

तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. पहिलंच नाटक लिहिणाऱ्या पोराच्या खर्ड्यापेक्षा यंत्राचा खर्डा स्वच्छ असतो. यंदाची मंडई निभावून न्यायची एवढाच प्रश्न असेल, तर ते नाटक घ्या, दुरुस्त करा आणि उभं करा. पण वडशाला लिहायचं मनात असेल, तर सुरुवातीची काही वर्षं पहिला खर्डा त्याच्याकडून घेऊ नका. तिसरा-चौथा त्याला खुशाल दाखवा. मी आधी प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना आडून वाक्यं पुरवणारा, होतो, मग लेखक झालो. माझी कारणं त्या धंद्यातली आहेत, त्यामुळे कविता-कादंबरीवाल्यांना ती सगळीच लागू पडतील असं नाही.

तुमचे अंक वाचले. पडदा उघडतो तो पाटलाच्या वाड्यात. सावकार कर्जाचा कागद नाचवतो, म्हातारा बाप पाया पडतो, पुण्याहून शिकून आलेली मुलगी कायद्याची भाषा बोलते, आणि घरचा गडी म्हणतो, ‘आरं धनी, लई वंगाळ झालं बगा.’ सिंदेवाहीतला कोणता गडी असं बोलतो? आणखी दोन पानांनी हा धानवाला शेतकरी उसाच्या फडाकडे हात करतो. वाचून हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण हे तुम्ही वाचूनही पाठवलं.

यंत्र असं का करतं, ते समजून घेणं गरजेचं आहे. ते आपल्या गावाबद्दल विचार करत नाही. अफाट मजकूर वाचून, या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशोब त्याने बसवलेला असतो. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. तरी इंटरनेटवरचा मजकूर बघितला तर इंग्रजीपुढे मराठी चिमूटभर, आणि त्या चिमटीत झाडीबोली, म्हणजे आपली पूर्व विदर्भातली बोली, जवळजवळ नाहीच. आपली नाटकं आहेत कुठे? दोनशे पानी वह्यांत, प्रॉम्प्टरच्या पिशवीत, वडशातल्या एखाद्या कंपनीच्या पेटीत. नटाने ऐन वेळी घातलेली वाक्यं तर कागदावरही नाहीत. जे कुणी चढवलंच नाही ते यंत्र वाचणार कसं? ‘ग्रामीण मराठी’ म्हटलं की त्याला सिनेमात, मालिकांत आणि कथांत वर्षानुवर्षं घोटलेली ग्रामीण मराठीच दिसते. ती पश्चिम महाराष्ट्राच्या अंगाने जाणारी आहे. खरं तर सातारा-कोल्हापूरचा शेतकरीही तसा बोलत नसेल.

भाषा सांगून सुधारता येते, हे मीही करून पाहिलं. ‘चंद्रपूरकडची बोली वापर’ म्हटलं की ते ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ पेरून देतं. बोली मात्र होत नाही. प्रमाण मराठीच्या वाक्यावर दोन-चार शब्द चिकटवल्यासारखं दिसतं आणि नट ते बोलताना अडखळतो.

पण माझा खरा आक्षेप गोष्टीवर आहे. तुमच्या अंकांत सगळं दुःख सावकाराने आणलं आहे. मागच्या हंगामात तुमच्या घरी धान विकायला कोण गेलं होतं? त्यांना विचारा. सरकारी धान खरेदी केंद्रावर काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. ट्रॅक्टर रांगेत, नंबर लागायला दिवस जातो. मग ग्रेडर, म्हणजे धानाची प्रत तपासणारा, कट्ट्यात (पोत्यात) हात घालून मूठभर धान काढतो आणि ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. सतरा टक्क्यांपर्यंत चालतं, यंत्र अठरा दाखवतं. ‘वाळवून आणा.’ मागे आभाळ भरून आलेलं. दुसऱ्या दिवशी वाळवून आणलं तर बारदाना, म्हणजे भरायची रिकामी पोती, संपलेला. इथे कुणीच दुष्ट नाही. ग्रेडरही गावचाच, कदाचित लांबचा नातेवाईक, त्याला वरून नियम आलेला. ट्रॅक्टरचं भाडं चढत चाललेलं आणि बाजूलाच कमी भावात, पण आत्ता रोख देणारा व्यापारी बिडी ओढत उभा. हा प्रवेश लिहा. गर्दीतल्या प्रत्येकाला आपला कट्टा आठवेल. यंत्राच्या गोष्टीत हे येत नाही, कारण त्याला भांडणासाठी खलनायक लागतो आणि सावकार हा तयार मिळतो.

आता आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या, नाटकांत तरी नवं काय असतं, असं कुणी विचारलं तर मान खाली घालावी लागेल. त्यागी बहीण, दारुडा भाऊ, कपटी काका, शेवटच्या अंकात फुटणारं बिंग. हा साचा आपणच घासून गुळगुळीत केला. यंत्र तो फुकट आणि पटकन भरतं, म्हणून आपल्याला राग येतो. लेखकाचं काम कथानक रचणं एवढंच असेल, तर ते काम गेलं असं समजा. पण वडशात लेखकाला मानधन कथानकाचं मिळत होतं, असं मला कधी वाटलं नाही.

मग कशाचं मिळतं? नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. पौषातली थंडी, लोक चादरी-ब्लँकेटात गुरफटून बसलेले, बाया पोरांना मांडीवर झोपवून बघतात. दीड-दोनच्या सुमाराला सगळा मांडव एकदम सैल पडतो. बाहेर चहाच्या टपरीवर गर्दी होते, मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागतात. त्या वेळी रंगमंचावर काय असावं, हे ज्याला कळतं तो आपल्याकडचा लेखक. तिथे विनोदी नटाची एंट्री लागते, नाहीतर भांडण, नाहीतर गाणं. तुमच्या यंत्राने नेमका तिथे बापाचा दीड पानी स्वगताचा प्रवेश टाकला आहे. शब्द छान आहेत, पण ऐकायला कुणी असणार नाही.

शिवाय नटांचा हिशोब असतो. नायिका आज तुमच्याकडे आणि उद्या पन्नास-साठ किलोमीटरवर दुसऱ्या कंपनीत. तालमीला तिच्याकडे वेळ नाही, म्हणजे तिची वाक्यं आखूड आणि प्रॉम्प्टवर उचलता येतील अशी हवीत. खलनायक गातो चांगला, मग त्याला गाणं द्यायचं, भले खलनायकाने गाऊ नये असं पुस्तकात लिहिलं असो. एका नटाला दोन भूमिका असल्या तर मध्ये लुगडं नेसायला किंवा दाढी लावायला पुरेल एवढा प्रवेश घालावा लागतो. ऑर्गनवाल्याला सूर धरायला दोन वाक्यं लागतात, तीही लेखकच देतो.

यातलं सगळं यंत्राला सांगितलं तर ते ऐकतं. ‘दोन वाजता लोक उठतात, स्वगत काढ’ म्हटलं की काढतं, आणि वाईट काढत नाही. पण सांगायला तुम्हाला ते माहीत हवं. ते माहीत होण्याची आपल्याकडे एकच शाळा होती, प्रॉम्प्टरची जागा. हातात वही घेऊन बसायचं, वाक्य पुरवायचं, नटाच्या तोंडात ते कुठे मोडतं ते ऐकायचं, लोक कुठे खोकतात ते ऐकायचं. दुसऱ्या रात्री ते वाक्य पेन्सिलीने खोडायचं. मग कधीतरी मालक म्हणणार, ‘एक प्रवेश लिहून आण.’ तो वाईटच असायचा. तरी तो रंगमंचावर जायचा, पडायचा, आणि पुढचा थोडा कमी पडायचा.

वाईट लिहिण्याची ही वर्षं यंत्र काढून घेतं. माझी सगळी काळजी एवढीच आहे. जो आधीच लिहितो, त्याला यंत्राने फार धक्का बसणार नाही. जो शिकतो आहे, त्याचा वाईट प्रवेश आता लिहिलाच जात नाही. त्याऐवजी एक बरा प्रवेश तयार येतो, तो पडत नाही, चढतही नाही, आणि लिहिणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. असे दहा बरे प्रवेश घेऊनही पोरगा होता तिथेच.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. २०२४ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या दोघा संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी २९३ जणांकडून अगदी छोट्या गोष्टी लिहून घेतल्या. काहींना कल्पनेसाठी यंत्राची मदत दिली, काहींना दिली नाही. मदत घेतलेल्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त आवडल्या, आणि ज्यांची कल्पनाशक्ती मुळात बेताची होती त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणजे तुमचे मित्र म्हणतात तेच. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या होत गेल्या. एकेकाचा फायदा आणि सगळ्यांचं मिळून नुकसान. आता वडशाचा एक हंगाम डोळ्यांसमोर आणा. डझनावारी कंपन्या, प्रेक्षक तेच, एका गावचा पाहुणा दुसऱ्या गावचंही नाटक बघतो. सगळ्यांनी एकाच यंत्राकडून पहिला खर्डा घेतला, तर तिसऱ्या नाटकाला तो पाहुणा पहिल्या अंकातच शेवट सांगेल. आत्ताही सांगतो म्हणा, पण आत्ता निदान विनोद तरी वेगळे असतात.

दुसरा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाचा, २०२५चा. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या मिळून ११८ लोकांना इंग्रजीत लिहायला बसवलं आणि अर्ध्यांना यंत्राच्या सूचना चालू ठेवल्या. आवडता पदार्थ म्हटलं की सूचना पिझ्झाची, आवडता सण म्हटलं की ख्रिसमसची. सूचना घेऊन लिहिणाऱ्या भारतीयांचं लिखाण हळूहळू अमेरिकी वळणावर गेलं. तुमच्या शेतकऱ्याच्या तोंडी ऊस आला, तो याच वाटेने आला. फरक एवढाच की आपल्याला पुण्या-मुंबईची मराठी हीच अमेरिका.

आणि एम.आय.टी.चा एक प्रयोग २०२५मध्येच गाजला. तो लहान होता, ५४ जणांचा, आणि प्रसिद्ध झाला तेव्हा इतर तज्ज्ञांनी तपासलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर फार भार टाकू नये. त्यात चॅटजीपीटीच्या मदतीने निबंध लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना, आपणच नुकत्याच लिहिलेल्या निबंधातलं एक वाक्य नीट सांगता आलं नाही. निबंधात ते खपेल. तालमीत नट विचारतो, ‘लेखकसाहेब, ही बाई इथे रडते कशाला?’ आणि लेखकाला उत्तर येत नाही. मग नट स्वतःच्या मनाने काहीतरी करतो आणि नाटक तिथून त्याचं होतं.

यंत्राला हात लावू नका असं मी म्हणत नाही. मी वापरतो. जुन्या वह्यांचे फोटो काढून त्यांचा मजकूर टाइप करून घ्यायला ते फार कामाचं आहे; अक्षर बरं असेल तर निम्मी मेहनत वाचते. बोलून टाइप करण्याची सोयही चांगली आहे. फक्त ती बोलीला प्रमाण मराठीत ओढते. मी ‘तुले कायले पायजे’ म्हटलं की ते ‘तुला कशाला पाहिजे’ असं सभ्य करून ठेवतं, मग परत हाताने बिघडवावं लागतं. लिहून झाल्यावर हिशोब तपासायला द्यावं: पहिल्या अंकात मेलेला मामा तिसऱ्या अंकात बोलतो का, कोणतं पात्र किती वेळ बाहेर आहे, कपडे बदलायला अवधी मिळतो का. ‘नाटक कसं वाटलं’ असं विचारू नका. ते कौतुकच करतं, आणि नवशिक्याला ते लगेच चढतं.

कोर्टाचा प्रवेश असेल तर माहिती विचारा, पण तपासून घ्या, कारण ते कलमं ठोकून देतं. तसंही १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं. तरी नाटकात मी ३०२च ठेवतो. ‘दफा तीनशे दोन’ म्हटल्यावर मांडवात जी शांतता होते, ती १०३ला अजून पंधरा-वीस वर्षं तरी होणार नाही.

आता चोरीचा प्रश्न. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक तरतूद आली, तिच्यानुसार संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. पण तेव्हा अशी यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. अमेरिकेत मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की माणूस लेखक नसेल तर कॉपीराइट नाही. म्हणजे तुमच्या गावी कुणी पोलीस घेऊन येणार नाही, पण ते नाटक उद्या दुसऱ्या मंडळाने जसंच्या तसं उचललं तर भांडायला तुमच्याकडेही फारसं काही नसेल. मंडळाला मात्र खरं सांगा. जपानमध्ये रिए कुदान या लेखिकेला जानेवारी २०२४मध्ये अकुतागावा हा तिथला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा कादंबरीतला पाचेक टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे, हे तिने स्वतःहून सांगितलं. गाजावाजा झाला, पण पुरस्कार तिच्याकडेच राहिला. लपवलेलं बाहेर येतं तेव्हा मात्र लेखकाचं आधीचं, स्वतः लिहिलेलंही लोक यंत्राचंच समजतात.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट पैशाची आहे, आणि ती तुम्ही विचारली नाही. पुढे वडशाला गेलात तर कधी ना कधी कुणीतरी यंत्राचं नाटक पुढे करून म्हणेल, ‘नाटक तयार आहे, तुम्ही फक्त जरा आपल्याकडचं करून द्या.’ आणि मानधन निम्मं, कारण ‘लिहिलेलं तर आहेच’. प्रत्यक्षात काम दुप्पट. सावकार काढा, गडी बदला, ऊस उपटा, स्वगत हलवा. शेवटी नवीनच नाटक होतं आणि त्याला नाव मिळतं दुरुस्तीचं. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३मध्ये १४८ दिवस संप केला, त्यात हाही एक मुद्दा होता. करारात त्यांनी लिहून घेतलं की यंत्राने काढलेला मजकूर हे लेखकाचं लिखाण धरलं जाणार नाही, आणि असा मजकूर लेखकाच्या हाती दिला तर कंपनीने तसं सांगायचं. त्यांच्यामागे संघटना होती. आपल्याकडे नाटकाचा व्यवहार बऱ्याचदा चहाच्या टेबलावर तोंडी होतो. म्हणून आधीच बोलून घ्या: खर्डा कुणाचाही असो, मानधन पूर्ण नाटकाचं, आणि फलकावर नाव माझं. नाही म्हणाले तर दुसरा मालक बघा. वडशात मालकांची कमी नाही.

राहिला शिकण्याचा भाग. माणसं काय बोलतात ते आधी ऐकायचं, ही आपल्या मुलखातली जुनीच रीत. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून. मराठी गद्य तिथून सुरू झालं असं मानतात. तुम्हाला एवढं लांब जायचं नाही. रोवणीला (धानाच्या लावणीला) गेलेल्या बाया बांधीत वाकून काय बोलतात, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन भाऊ कसे भांडतात, वाघ दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी मोहफुलं वेचायला जायचं की नाही यावर घरात काय चालतं, ते वहीत टिपा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा.

आणि यंदाच्या नाटकाचं असं करा. यंत्राचे तिन्ही अंक तसेच राहू द्या, फाडू नका. त्यातला दुसऱ्या अंकाचा मधला प्रवेश, तो स्वगताचा, काढा आणि तिथे खरेदी केंद्र हाताने लिहा. चार पात्रं पुरे: शेतकरी, त्याची बायको, ग्रेडर, व्यापारी. पाच-सहा पानांच्या वर जाऊ देऊ नका. मग ज्यांना काम करायचं आहे त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या, तुम्ही वाचू नका. जिथे ते अडतील किंवा स्वतःचा शब्द घालतील, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि खुणांसकट तो प्रवेश मला पाठवा. हे पोळ्याच्या आत उरका. एकदा धानाची कापणी लागली की तालमीला चार माणसं एका जागी मिळत नाहीत.